पांघरूण काढून दाखवा

आषाढातल्या एका गुरुवारी दुपारी माझ्या पतींना अंगावरचं पांघरूण काढता आलं नाही. मी म्हटलं, "काढा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं. मग मीच ते काढलं आणि घडी करून कपाटात ठेवलं.

एवढ्याशा गोष्टीने काय बदलतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. ते कळायला आधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात, पण तो शब्द वापरला की लोक विचारतात, "म्हणजे मुलाला नोकरी लावून देता का?" तसं नाही. शर्टाची बटणं लावणं, पेन्सिल धरणं, वर्गात एका जागी बसणं, डोक्यावरून पाणी घेणं, ही रोजची कामं काही मुलांना डोंगराएवढी असतात. ती त्यांना जमावीत म्हणून आम्ही वाट शोधतो. अंबरनाथला विशेष मुलांच्या एका शाळेत मी हे काम पुष्कळ वर्षं केलं. निवृत्तीनंतर बदलापूरच्या आमच्या घराची पुढची खोली मोकळी केली. तिथे एक जाड गादी, एक झोका आणि एक वजनकाटा आहे.

या कामात लवकर लक्षात येतं की स्पर्श दोन प्रकारचा असतो. हलका स्पर्श काही मुलांना सोसवत नाही. गालावरून बोट फिरवलं तरी ती दचकतात. पण खांदे दोन्ही हातांनी दाबून धरले की तीच मुलं सैल होतात, श्वास लांब घेतात. असं का होतं, याची स्पष्टीकरणं पुस्तकांत आहेत आणि ती सगळी एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्याकडे आईने तान्ह्याच्या अंगावर हात ठेवून थोपटणं, दमलेल्या माणसाने "पाय दाब रे" म्हणणं, हे त्याच जातीचं असावं असं मला वाटत आलं आहे.

शाळेत जतिन नावाचा एक मुलगा होता, उल्हासनगरचा. त्याला आणायला-सोडायला आजोबा येत. त्यांचा जीन्स शिवण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, सहा-सात मशिनं आणि मध्ये कापडाचा ढीग. सगळे त्यांना लछूमास्तर म्हणत. ते मला 'अदी' म्हणायचे, म्हणजे सिंधीत ताई. एकदा शाळेच्या पायरीवर बसून ते म्हणाले, "अदी, एक गोष्ट विचारू? हसू नका. हा पोरगा घरी दोन मिनिट बसत नाही. पण कारखान्यात आला की जीन्सच्या ढिगाखाली घुसतो. पुरा. और फिर एकदम चुप. मी शोधतो तर खाली गाणं म्हणत पडलेला."

"ढिगाखाली जाऊ देऊ नका," मी म्हटलं.

"का? शांत बसतो तो."

"ढीग वरून सरकला तर त्याला बाहेर येता येणार नाही. वजन चांगलं आहे, मास्तर. ढीग चांगला नाही."

त्यांनी उठून जतिनचं दप्तर खांद्याला लावलं. मग म्हणाले, "तो ढीग को सिल देते हैं."

अशी सुरुवात झाली. परदेशात अशी पांघरुणं मिळतात हे मी वाचलं होतं. इथे तेव्हा सहज मिळत नव्हती आणि मिळाली तरी पालकांना परवडणारी नव्हती. पहिलं पांघरूण फसलं. अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडून मास्तरांनी प्लास्टिकचा दाणा आणला आणि उशीत कापूस भरावा तसा दोन कापडांमध्ये भरला. जतिनने ते अंगावर घेताच सगळा दाणा पायाकडे गेला. "अदी, यह तो बोरी हो गयी," मास्तर म्हणाले. मग गोधडीसारखे चौकोन घालायचं ठरलं. आधी उभ्या शिवणी, प्रत्येक पट्टीत वाटीने मोजून दाणा, त्यावर आडवी शिवण, पुन्हा दाणा, पुन्हा शिवण. इतके थर साध्या मशिनवर शिवले जात नाहीत, सुई मोडते. जीन्सच्या मशिनवर जातात. पुढे दाण्याऐवजी काचेचे रव्यासारखे बारीक मणी आले. ते आवाज करत नाहीत आणि कमी जागेत जास्त वजन देतात. आत एक स्वतंत्र अस्तर, कारण काही मुलं शिवण चावतात आणि मणी तोंडात जाता कामा नये. वरून सुती कापड, कारण आपल्या हवेत दुसरं काही अंगावर ठेववत नाही.

वजन किती? माणसाच्या वजनाच्या साधारण दहावा भाग, मुलांसाठी त्याहून थोडं कमीच. जास्त म्हणजे चांगलं नव्हे. ज्यांना दमा आहे, फिट येतात, झोपेत श्वास अडकतो, हृदयाचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. याने आजार बरा होत नाही हे मी प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगते. काही मोठ्या माणसांची बेचैनी कमी होते, झोप बरी लागते. मुलांच्या झोपेबद्दल संशोधन ठामपणे काही सांगत नाही. काहींना उपयोग होतो, काही पांघरूण लाथाडून देतात. ज्याने लाथाडलं त्याच्यावर ते पुन्हा घालायचं नाही. शिक्षा म्हणून किंवा मुलाला जागेवर डांबायला तर कधीच नाही.

आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. मी माणसाला गादीवर झोपवते, पांघरूण घालते आणि म्हणते, "आता काढून दाखवा." मुलांना हा खेळ वाटतो. ती पांघरूण भिरकावतात, हसतात, पुन्हा घाला म्हणतात. ज्याने सांगितल्यावर स्वतः काढलं त्याचंच पांघरूण घरी जातं. ज्याला काढता येत नाही, किंवा काढायचं असतं हे कळत नाही, त्याला ते द्यायचं नाही. यात सवलत नाही.

आनंदनगरला पाळीत काम करणारा एक तरुण एकदा आला होता. रात्रपाळी संपवून दिवसा झोपावं लागतं, झोप लागत नाही, म्हणून सगळ्यांत जड पांघरूण हवं. "मॅडम, मी जिममध्ये शंभर किलो उचलतो. मला पोरांचं नका दाखवू."

त्याची बायको बाजूला बसली होती. मी तिला विचारलं, घोरतात का?

"घोरतात होय. आणि मध्येच एकदम गप्प होतात. मी हलवते, मग पुन्हा सुरू. बाजूच्या काकी म्हणतात, तुमचा जनरेटर मध्येच बंद का पडतो?"

मी पांघरूण दिलं नाही. आधी झोपेच्या डॉक्टरांकडे जा म्हटलं. तो चिडला. "गोधडी घ्यायला चिठ्ठी लागते का कुठे? कमाल आहे." बायकोने जाताना माझ्याकडे वळून हात जोडले. पुढे काय झालं मला माहीत नाही. या कामात बहुतेक वेळा पुढचं कळत नाही.

एकदा मात्र कळलं. जांभूळ गावाकडची एक मुलगी माझ्याकडे येत होती, रूपाली, दहा वर्षांची. संध्याकाळी घरात माणसं वाढली की ती कानावर हात ठेवून भिंतीला डोकं घासायची. तिला पांघरूण लागू पडलं. दिवेलागणीला ते घेऊन ती कोपऱ्यात बसायची आणि मग जेवायला उठायची. घरातल्यांना हा चमत्कार वाटला. तो चमत्कार नाही असं मी सांगितलं, पण ते कुणाला ऐकायचं नव्हतं.

पुढे रूपालीच्या काकूला मुलगा झाला आणि त्यांनी मला बारशाला बोलावलं. ओटीवर पाळणा सजवला होता. मी बाळ बघायला वाकले तर त्याच्या अंगावर, छातीपर्यंत, रूपालीचं पांघरूण.

आपल्यात तान्ह्याला नवं कापड आधी घालत नाहीत. सुखरूप वाढलेल्या दुसऱ्या मुलाचं जुनं, मऊ झालेलं, गुणाचं कापड घालतात. आजीने तेच केलं होतं. घरातलं सगळ्यांत गुणाचं कापड कोणतं, तर ज्याने रूपाली शांत झाली ते.

मी दोन्ही हातांनी ते उचललं. बाळ लाल झालं होतं, पण ठीक होतं; आत्ताच घातलं होतं असं काकू म्हणाली. 

आजी पुढे आली. तिच्या बोलीत ड-ढचा र होतो. "काय झायला गो बाय? का कारलास?"

"आजी, हे बाळावर कधीच घालायचं नाही. त्याची छाती एवढीशी. त्याला हे ढकलता येणार नाही."

"आमचे रूपालीला गुन आयला न? मंग यालाच का नको? त्याचा काय वाकरा हाय?"

"रूपाली ते फेकू शकते, आजी. नको असलं की फेकते. या वजनाखाली हा रडूसुद्धा शकणार नाही."

 आजीने माझ्या हातातलं पांघरूण घेतलं, हातात तोललं, जणू पहिल्यांदाच, आणि खाली बसली. "मी आठ पोरा वारवली," ती म्हणाली. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. जेवायला मला तिनेच वाढलं.

त्यानंतर मास्तरांनी प्रत्येक पांघरुणाच्या कोपऱ्यात कापडाची पट्टी शिवायला सुरुवात केली. बाळावर घालू नये. तोंडावर घेऊ नये. कडा गादीखाली खोचू नयेत. यातले शेवटचे दोन नियम खास आपल्यासाठी होते. आपल्या घरांत माया दाखवायची म्हणजे पांघरूण चारी बाजूंनी नीट खोचून द्यायचं, आणि झोपायचं म्हणजे डोक्यावरून घेऊन झोपायचं. एरवी त्यात काही बिघडत नाही.

अरविंद, माझे पती, या पट्टीची चेष्टा करायचे. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते, नकाशे काढायचे. "तुझ्या गोधडीवर सिगारेटच्या पाकिटापेक्षा जास्त इशारे आहेत," असं म्हणायचे. पण पट्टीवरच्या अक्षरांचा पहिला कागद त्यांनीच काढून दिला. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं.

मग त्यांना विसर पडायला लागला. सुरुवातीचं सांगत नाही, ते सगळ्या घरांत सारखंच असतं. दुपारनंतर त्यांची घालमेल सुरू व्हायची. कामावर जायचं आहे, गेटपास सापडत नाही, म्हणून ते घरभर फिरायचे, सदऱ्याच्या गुंड्या ओढून तोडायचे, दार हलवत राहायचे. औषधांनी ते सुस्त व्हायचे, शांत नाही. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही स्वतः या क्षेत्रातल्या आहात, पांघरूण वापरून बघा, फक्त सोबत बसा." मी मास्तरांकडून हलकंच शिवून घेतलं. पुढच्या खोलीत त्यांना गादीवर झोपवलं, पांघरूण घातलं आणि म्हटलं, "काढून दाखवा."

त्यांनी ते दोन बोटांनी बाजूला केलं आणि म्हणाले, "पास?"

"पास," मी म्हटलं.

ते लागू पडलं. इतकं की मला भीती वाटली. जेवण झाल्यावर ते आडवे व्हायचे, मी पांघरूण घालायचे, आणि त्यांच्या हातांची ओढाताण थांबायची. चार वाजेपर्यंत झोप. उठल्यावर तासभर ते पूर्वीचे असायचे. मी वाचून दाखवायचे, ते मध्येच वाक्य दुरुस्त करायचे. एकेक शब्द त्यांना सोडून जात होते, भांड्यांची नावं, माझंही नाव, पण दुपारी ते स्पष्ट म्हणायचे, "वजन आण."

रोज घालायच्या आधी मी परीक्षा घ्यायचे. रोज ते काढून दाखवायचे. त्या गुरुवारपर्यंत.

त्या दुपारी त्यांच्या हातात ताकद होती. त्यांनी पांघरुणाच्या शिवणीवरून बोट फिरवलं, चौकोनावरून चौकोनावर, नकाशा तपासावा तसं. पण 'काढा' म्हणजे काय करायचं, ते कुठेतरी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी परत विचारलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मग विचारायचं थांबवलं, कारण त्यांना माझ्या आवाजाचा त्रास व्हायला लागला होता. दुपारी ते दारापाशी उभे राहून "वजन, वजन" म्हणायचे. मी पाणी द्यायचे.

मुलगा, निखिल, पुण्याहून आला. त्याने ते सगळं एक दुपार पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, घाल ना ते. किती मागताहेत."

"त्यांना काढता येत नाही."

"काढायचं कशाला आहे? तू असतेसच ना शेजारी."

"माझाही डोळा लागतो, निखिल."

"बाकीच्या मुलांना लावलेला नियम बाबांना कशाला लावतेस? ही काय तुझी शाळा आहे?"

 त्याचंही चूक नव्हतं. वडिलांना शांत बघायचं होतं त्याला, आणि ते करण्याचं साधन कपाटात होतं.

मास्तरही म्हणाले, "अदी, पूरा मत दो. आधा दो. मी फक्त मांडीपुरता बनवतो, खुर्चीत बसून. जड वाटलं तर आपोआप खाली पडेल." हे मला पटलं. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मांडीवर छोटं वजन ठेवतात, ती पद्धत आहे. नियम मोडला नाही आणि त्यांनाही थोडं मिळालं, असं मला वाटलं.

काही आठवडे ते बरं चाललं. श्रावणातल्या एका दुपारी त्यांच्यासमोर मी पुस्तक घेऊन बसले होते आणि मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा खुर्चीत त्यांचं तोंड दिसेना. मांडीवरचं ते कापड त्यांनी वर ओढून डोक्यावरून घेतलं होतं, लहानपणापासून घेत आले तसं, आणि मान मागे टेकली होती. मी ते ओढलं. ते श्वास घेत होते. केस घामाने ओले होते. त्यांनी डोळे उघडले आणि मला पाहून ओळखीचं हसले.

पांघरूण वर घेणं त्यांच्या हातांना पाठ होतं. काढणं पाठ नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांची परीक्षा घेतली, पण माणूस आधी काय विसरेल आणि काय शेवटपर्यंत जपेल, याचा विचार केला नव्हता. त्या दिवसापासून घरात वजन बंद झालं.

त्यानंतरचे महिने कठीण होते. मी माझ्या तळव्यांनी त्यांच्या पिंढऱ्या, मग मांड्या, मग खांदे दाबत बसायचे, शाळेत मुलांना दाबायचे तसे. कधी तासभर, कधी त्याहून जास्त. हात थांबला की ते डोळे उघडायचे. पांघरुणाने जे पटकन व्हायचं ते हातांनी उशिरा व्हायचं, आणि काही दुपारी व्हायचंच नाही. त्या दुपारी ते रडायचे. पांघरूण दिलं असतं तर कदाचित त्यांचे ते महिने शांत गेले असते. कदाचित एखाद्या दुपारी मी पुन्हा झोपले असते. दोन्ही खरं आहे. निखिल आता म्हणतो, "तू केलंस ते बरोबर केलंस." तो हे माझ्यासाठी म्हणतो. मला स्वतःला अजून तसं ठामपणे म्हणता येत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच करीन, एवढंच सांगता येतं.

माघात ते गेले. दुपारच्या वेळी, माझा हात त्यांच्या खांद्यावर असताना. हात ठेवून मी किती वेळ बसले होते ते मला माहीत नाही. ते गेल्याचं माझ्या हाताला कळलंच नव्हतं.

गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकतात. शेजारच्या वहिनी ते बांधायला आल्या आणि कपाटातलं पांघरूण बघून म्हणाल्या, "हे चांगलं जाड आहे, थंडीत कुणाच्या तरी उपयोगी पडेल." मी ते देऊ दिलं नाही. कुणाच्या अंगावर जाईल, त्याला काढता येईल की नाही, कोण बघणार? मास्तर येऊन ते घेऊन गेले. कारखान्यात त्यांनी शिवणी उसवल्या, मणी वेगळे केले. मशिनजवळ उभं राहून मला म्हणाले, "अदी, बसा थोडं." मी बसले. त्यांनी चहा मागवला आणि आम्ही तो प्यायलो. जतिन आता उंच झाला आहे. तो ढिगाशेजारी बसून तयार जीन्सचे सुटे धागे कापत होता.

मंगळवारी आणि शुक्रवारी अजून मुलं येतात. मी त्यांना गादीवर झोपवते, पांघरूण घालते आणि काढून दाखवा म्हणते. बाकीच्या दुपारी घरात कुणाला झोपवायचं नसतं.